कार्यप्रणालीचें बियाणें

सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखांत नागली पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं धान्य दोन ठिकाणीं ठेवलेलें असतें. एक कणगींतलें, जें वर्षभर दळून खावयाचें. दुसरें निवडक कणसांचें, राख चोळून वेगळें बांधलेलें, ज्याला घरांतील कोणीही हात लावावयाचा नाहीं. पहिलें संपलें तर उसनवारीनें वेळ निभावतां येते. दुसरें संपलें तर पुढील पावसाळ्यांत राबांत पेरावयास कांहीं उरत नाहीं, व घरधन्यास दुसऱ्याच्या दारीं उभें राहावें लागतें. ही गोष्ट येथील लहान मुलासही ठाऊक असल्यामुळें ती समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हीच गोष्ट संगणकासही लागू पडते, आणि ती मात्र आपल्यापैकीं थोड्यांच्याच ध्यानांत आली आहे.

संगणक सुरू करतांच जी व्यवस्था प्रथम जागी होते, जी कळफलक, पडदा व स्मृति यांस कामास लावते आणि इतर सर्व कार्यक्रमांस आपल्या अंगणांत खेळूं देते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. ती दोन रूपांत असते. मनुष्यानें लिहिलेलें व मनुष्यास वाचतां येण्याजोगें जें रूप, ती मूळ संहिता. आणि कंपायलर नांवाच्या साधनानें तिचें यंत्रास कळेल अशा अंकांत केलेलें रूपांतर, ती चालती प्रणाली. पिठापासून रोप उगवत नाहीं. त्याचप्रमाणें चालत्या प्रणालीपासून तिची संहिता परत मिळवितां येत नाहीं, निदान कोणाही शहाण्या मनुष्यास परवडेल इतक्या श्रमांत तरी नाहीं. ज्याच्यापाशीं संहिता आहे त्याला प्रणाली पुन्हा घडवितां येते, तींतील दोष काढतां येतो, तींत आपल्या गरजेपुरती भर घालतां येते. ज्याच्यापाशीं ती नाहीं त्याला वाट पाहावी लागते. विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल तिच्या मालक कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, तेव्हां जगांतील कोट्यवधि चालतीं यंत्रें एका दिवसांत जुनीं ठरलीं. त्यांचे खिळे झिजले नव्हते कीं तारा तुटल्या नव्हत्या. पीठ देणाऱ्यानें गिरणी बंद केली, इतकेंच घडलें.

संहिता शाळेंत शिकविण्याचा हक्कच एकदां काढून घेण्यांत आला होता, हें आमच्या विद्यार्थ्यांस अवश्य ठाऊक असावें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या प्रणालीस आरंभ केला. तिची संहिता विद्यापीठांस अल्प मोबदल्यांत मिळत असे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनीं तिच्या सहाव्या आवृत्तीवर आपल्या वर्गासाठीं ओळीओळींचें भाष्य लिहिलें. आपल्याकडे शास्त्रीबोवा सूत्रावर भाष्य करीत, तसेंच तें होतें. परंतु १९७९ सालीं सातवी आवृत्ति निघाली तिच्या अटींत, संहिता वर्गांत शिकवूं नये, असें बंधन आलें. लायन्स यांचें भाष्य त्यापुढें पुष्कळ वर्षें छायाप्रतींच्या रूपानें एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरत राहिलें, आणि राजरोस छापलें गेलें तें १९९६ सालीं. मनाईचा परिणाम मात्र मनाई करणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणें झाला नाहीं. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्रू टॅनेनबॉम यांनीं विद्यार्थ्यांस शिकवावयास कांहीं तरी हवें म्हणून १९८७ सालीं मिनिक्स नांवाची छोटी प्रणाली स्वतः लिहून संहितेसह प्रसिद्ध केली. आणि ती वापरून पाहणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सला प्रारंभ केला.

दुसरी एक शाखा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागांतून निघाली. तेथील बिल जॉय व त्याचे सोबती युनिक्समध्यें केलेल्या सुधारणा १९७८ पासून चुंबकीय फितींवर घालून मागेल त्या विद्यापीठाकडे पाठवीत. पुढें ह्या संहितेवरून १९९२ सालीं कोर्टकज्जा उभा राहिला. १९९४ सालीं तो आपसांत मिटला, तेव्हां सुमारें १८,००० फायलींपैकीं केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या! ह्याच घराण्यांतील फ्री-बीएसडी ही प्रणाली १९९३ सालीं जन्मली व आजही चालू आहे. आम्ही पुढील विवेचनासाठीं तीच घेतली आहे, कारण संहिता आणून संबंध प्रणाली पुन्हा घडविण्याची रीत तींत फार जुनी, सरळ व नीट लिहून ठेवलेली आहे. लिनक्सच्या घराण्यांत डेबियनसारख्या मंडळ्यांपाशींही संहिता मिळते. पण तेथें ती हजारो पुडक्यांत विभागलेली असते, आणि नवशिक्याचा धागा सुटतो.

फ्री-बीएसडीची संहिता आरंभीं सीव्हीएस नांवाच्या भांडारांत होती, २००८ सालीं ती सबव्हर्जन या भांडारांत गेली, आणि २०२० च्या डिसेंबरांत गिट या व्यवस्थेंत आली. गिट ही टोरव्हाल्ड्स यानेंच २००५ सालीं लिनक्सच्या सोयीसाठीं रचली. सुरगाण्यासारख्या ठिकाणीं, जेथें जाळ्याचा धागा कधीं येतो व कधीं जातो, तेथें तिचा एक गुण विशेष मोलाचा आहे. पहिली प्रत आणतांना भार मोठा, गिगाबाईटांच्या हिशेबानें मोजण्याइतका असतो; परंतु एकदां ती घरीं आली कीं पुढील प्रत्येक वेळीं केवळ बदललेला भाग येतो. इतकेंच नव्हे, तर तो बदललेला भाग एका फायलींत बांधून चकतीवरून अथवा पेनड्राइव्हवरूनही आणतां येतो. त्यास नाशिकला जाऊन येणारा कोणीही पुरेसा आहे.

संहितेचे प्रवाह तीन असतात. एकांत रोजचें नवें काम चालू असतें व तो केव्हां बिघडेल याचा नेम नसतो. दुसरा त्यांतून पारखून घेतलेल्या सुधारणांचा. तिसऱ्यांत प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीवर केवळ सुरक्षेच्या व मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या येतात. शाळेनें तिसराच धरावा. पहिला धरण्याचा मोह हुशार मुलांस होतो. त्यांनीं तो घरच्या यंत्रावर पुरवावा!

संहिता आल्यावर करावयाचें पहिलें काम म्हणजे कोणतीही आज्ञा देणें नव्हे, तर वाचणें. संहितेच्या मुळाशींच ‘अपडेटिंग’ नांवाची एक साधी फाईल असते. कोणत्या तारखेस काय बदललें व त्यामुळें कोणती विशेष खबरदारी घ्यावी, हें तींत क्रमानें लिहिलेलें असतें. ती न वाचतां पुढें जाणारे पुष्कळ असतात, व मदतीसाठीं आक्रोश करणारांतही तेच पुष्कळ असतात. त्यानंतर ‘मेक बिल्डवर्ल्ड’ या आज्ञेनें सर्व उपयोगी साधनें घडवावयाचीं, ‘मेक बिल्डकर्नल’ या आज्ञेनें कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा घडवावयाचा. यास जुन्या यंत्रावर कित्येक तास लागतात. येथें पालक विचारतील कीं, मध्येंच वीज गेली तर? तर विशेष कांहीं बिघडत नाहीं. घडविलेलें सारें निराळ्या कप्प्यांत साठत जातें, चालत्या प्रणालीस त्याचा स्पर्शही होत नाहीं. वीज आल्यावर काम पुन्हा हातीं घ्यावें. खरी जोखीम त्यापुढील पायरीस, म्हणजे घडविलेलें जागच्या जागीं बसवितांना असते, आणि तेवढा वेळ मात्र विजेची खात्री करून घ्यावी.

बसवितांना आधीं गाभा बसवावयाचा, यंत्र एकदां बंद करून चालू करावयाचें, आणि मग साधनें बसवावयाचीं. हा क्रम कां? नव्या गाभ्यास जुनीं साधनें चालवितां येतात. जुन्या गाभ्यास नवीं साधनें चालवितां येतीलच असें नाहीं. शिवाय नवा गाभा उभा राहिला नाहीं तर जुन्यावर परत जाण्याची वाट मोकळी राहते. शेवटीं आपण स्वतः केलेल्या मांडणीच्या फायली व नव्या आवृत्तींतील फायली यांचा मेळ घालावा लागतो. ह्या सर्व कामांत बुद्धीची चमक दाखविण्यास फारसा वाव नाहीं. क्रम पाळणें, नोंद ठेवणें व पडद्यावर आलेलें वाक्य पुरतें वाचणें, एवढेंच लागतें; आणि हे तीन गुण परीक्षेंत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलांतही आढळतातच असें नाहीं.

आतां बियाण्याविषयीं शेतकरी जो पहिला प्रश्न विचारतो, तो येथेंही विचारला पाहिजे: हें आणलें कोठून? बाजारांतील पाकिटावर चित्र सुंदर असलें म्हणजे आंतील दाणा खरा असतो, असें नाहीं. २००३ सालच्या नोव्हेंबरांत लिनक्सच्या संहितेच्या एका दुय्यम प्रतींत कोणी तरी चोरून दोन ओळी घातल्या. त्यांत तुलना दर्शविणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांऐवजीं एकच चिन्ह (=) होतें. दोन चिन्हें असतीं तर ‘हा वापरणारा सर्वाधिकारी आहे काय?’ असा प्रश्न झाला असता; एकच असल्यामुळें ‘ह्यास सर्वाधिकारी करा’ अशी आज्ञा झाली. मुख्य भांडाराशीं प्रत जुळेना म्हणून ती लबाडी लागलीच उघडकीस आली. गणिताच्या वहींत चिन्ह गाळल्याबद्दल गुण कापले कीं रागावणाऱ्या मुलांनीं ही हकीकत स्मरणांत ठेवावी.

२०१२ सालीं फ्री-बीएसडीच्या दोन यंत्रांत चोरांचा प्रवेश झाला. एका कार्यकर्त्याची प्रवेशकिल्ली बाहेर फुटल्यानें तें घडलें. मूळ भांडारास धक्का लागला नव्हता. तरीही कार्यकर्त्यांनीं ती गोष्ट न लपवितां जाहीर केली, व जुन्या वाटेनें संहिता आणणारांस नव्या, तपासतां येण्याजोग्या वाटेनें ती आणण्यास सांगितलें. सर्वांत बोधप्रद प्रकार २०२४ च्या मार्चांतला. एक्सझेड नांवाच्या, फायली आवळून लहान करणाऱ्या साधनांत एका विश्वासू म्हणविणाऱ्या कार्यकर्त्यानें दीर्घ काळ खपून चोरवाट घातली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद जास्त लागतो, असें दिसलें. तेवढ्यावरून शोध घेत जाऊन त्यानें २९ मार्च रोजीं ती सारी मसलत उघड केली. चोरवाट चालू करणारा तुकडा सर्वांस दिसणाऱ्या भांडारांत नव्हताच. तो केवळ तयार बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांत होता. गठ्ठा व भांडार एकच समजून चालणारे लोक तेथें फसले.

म्हणूनच गिटमध्यें प्रत्येक टप्प्यास एक लांब खूणअंक असतो, व तो मागील सर्व इतिहासावरून गणिलेला असतो. मागची एक ओळ बदलली तरी पुढचे सर्व अंक बदलतात. आपल्या प्रतीचा अंक व प्रसिद्ध झालेला अंक ताडून पाहणें, हें दाणा दाताखालीं चावून पाहण्यासारखेंच आहे. अर्थात् ह्यालाही मर्यादा आहे. युनिक्सचे जनक टॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, संहिता निर्मळ असूनही ती रूपांतरित करणारा कंपायलरच लबाड असेल, तर निघणारी प्रणाली लबाड निघेल. जातें विषारी असेल तर दाणा निवडून काय उपयोग! ह्या शंकेचें पुरतें निरसन झालेलें नाहीं. पण एकाच संहितेपासून निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या यंत्रांवर प्रणाली घडवावी व त्या अंकाअंकानें जुळतात कीं नाहीं हें पाहावें, असा उद्योग आतां नेटानें चालू आहे, आणि घडविणारे जितके अधिक तितका लबाडास वाव कमी.

हें सर्व मराठी मनुष्याच्या कोणत्या कामाचें, असें कोणी विचारील. त्यास आम्ही एक अक्षर दाखवितों. ‘ॲ’ हें अक्षर युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत स्वतंत्रपणें आलें तें २००८ सालीं; महाराष्ट्र शासनानें आपल्या वर्णमालाविषयक निर्णयांत त्यास जागा दिली ती २००९ सालीं. त्यापूर्वींच्या यंत्रांवर ‘ॲसिड’ लिहिलें कीं पहिल्या अक्षराच्या जागीं रिकामी चौकट उमटे. तसेंच अर्ध्या ‘र’चें. ‘आचार्यांस बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांस बोलवा’ ह्यांत पाहुणचाराच्या दृष्टीनें केवढा फरक आहे, हें सांगावयास नको. परंतु हिंदीच्या गरजेपुरती देवनागरी जाणणाऱ्या प्रणालीस तो फरक कळत नसे, व आपल्या दऱ्याखोऱ्या तींत नीट लिहितां येत नसत. शिशाच्या ठशांच्या काळीं अक्षर नसेल तर तें कोरून घेतां येई. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनीं राणोजी रावजी आरू यांच्या हातून तीं कशीं कोरवून घेतलीं, हें प्रसिद्धच आहे. संगणकांत हें कोरण्याचें काम संहिता हातीं असेल त्यालाच साधतें. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं खुले केलेले ‘लोहित’ टंक, व त्यांवर तिच्या पुण्यांतील अभियंत्यांनीं केलेलें काम, हें याचें जवळचें उदाहरण आहे. ज्यांपाशीं केवळ पीठ होतें ते मालकाच्या पुढील आवृत्तीची वाट पाहत बसले.

आणखी एक उदाहरण तर आपल्यासारख्याच डोंगराच्या कुशींतलें आहे. रायगड जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील खैराट येथील लहानशा प्राथमिक शाळेंत २००७ सालीं मुलांस एक्सओ नांवाचे हिरवे-पांढरे छोटे संगणक देण्यांत आले. भारतांत त्या योजनेचा पहिला प्रयोग तोच. त्या संगणकाच्या कळफलकावर एक कळ अशी योजिली होती कीं, ती दाबल्यास चालू असलेल्या कार्यक्रमाची मूळ संहिता पुढें यावी. हातीं दिलेल्या वस्तूचें पोट उघडून पाहण्याचा मुलास अधिकार आहे, असें मानणाऱ्यांनीं ती कळ तेथें बसविली. ती योजना पुढें मंदावली; तो कल्पनेचा दोष होता असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि घरोघरच्या खिशांतील स्मार्टफोनाचें काय? त्यांतील बहुतेकांत अँड्रॉइड असतें, व त्याचा गाभा लिनक्सचा असतो. १९९१ च्या ज्या परवान्याखालीं तो वाटला जातो, त्याप्रमाणें चालती प्रणाली देणाऱ्यानें गाभ्याची संहिताही बरोबर द्यावी, अथवा ती मागणारास देऊं असें निदान तीन वर्षांपुरतें लेखी आश्वासन द्यावें, असें बंधन आहे. म्हणजे तुमच्या वडिलांनीं फोन विकत घेतला, त्याच दिवशीं त्यांस हा एक हक्क मिळाला. तो कोणी सांगितला नाहीं, इतकेंच. ह्या हक्काची अतिशयोक्ति आम्ही करीत नाहीं. केवळ गाभ्याच्या संहितेवर संबंध फोन पुन्हा घडवितां येत नाहीं, कारण कित्येक भागांच्या संहिता बंद असतात व पुष्कळ निर्माते यंत्रासच कुलूप घालतात. परंतु हक्क अपुरा आहे म्हणून तो माहीतच नसावा, हें बरें नव्हे.

पालकांच्या शंका आम्ही हलक्या मानीत नाहीं. मुलगा नोकरीस लागेल तेथें त्यास तयार प्रणालीच वापरावी लागेल, मग हा खटाटोप कशास? नांगर विकत मिळतो म्हणून फाळ कसा ठोकतात हें कोणीच शिकूं नये काय, असें उलट विचारणें सोपें आहे; पण तें पुरतें उत्तर नव्हे. शंभर मुलांपैकीं पंचाण्णवांस हें ज्ञान प्रत्यक्ष कामास येणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. उरलेल्या पांचांपैकीं एखादी मुलगी सुरगाण्याच्या बाजारपेठेंतील बिघडलेलीं यंत्रें पुन्हा उभीं करील, व एखादा मुलगा येथील कोकणी बोलीस लागणारी सोय त्या संहितेंत घालील. ते पांच कोण, हें आज कोणास सांगतां येतें? दुसरी शंका अशी कीं, कोट्यवधि ओळींची संहिता कोण वाचतो? कोणीच सगळी वाचीत नाहीं. परंतु फ्रॉइंड यांनीं तरी कोठें सगळी वाचली होती? त्यांस पाहिजे तें पान उघडतां आलें, एवढें पुरलें. तिसरें, जुनें यंत्र अशानें अमर होतें, असेंही कोणी समजूं नये. डेबियनच्या २०२५ च्या ऑगस्टांत निघालेल्या तेराव्या आवृत्तीनें जुन्या ३२-बिट संगणकांसाठीं गाभा देणें सोडलें. संहिता उघडी असली तरी ती सांभाळणारीं माणसें हवींत. शेताचेंही तसेंच असतें.

आमची सूचना लहान आहे. शाळेंतील एक जुनें यंत्र ह्या कामास सोडून द्यावें, कीं जें बिघडलें तरी कोणाचा तास बुडणार नाहीं. त्यास एक निराळी चकती जोडून तिच्यावर फ्री-बीएसडीची संपूर्ण संहिता ठेवावी, व तिची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतींत असावी, कारण गळक्या छपराचा नेम नाहीं. नवव्या इयत्तेंतील दोन विद्यार्थी व दोन विद्यार्थिनी यांजकडे ती सोंपवावी. त्यांनीं प्रत्येक सत्रांत एकदां संहिता अद्ययावत करून प्रणाली पुन्हा घडवावी, आणि वर्ष संपतांना हें काम आठवीच्या चौघांस शिकवून द्यावें. एक वही ठेवावी. तींत तारीख, आणलेल्या प्रतीचा खूणअंक, घडविण्यास लागलेला वेळ, आणि अडलें कोठें व सुटलें कसें, हें मराठींत लिहावें. इंग्रजी सूचना वाचून मराठींत नोंद करणें हा भाषेच्या तासाचाही उत्तम अभ्यास होईल, असें आमच्या भाषाशिक्षकांसही वाटेल.

पहिली प्रत आणण्यास दिवाळीची सुट्टी सोयीची आहे. नाशिकला शिकत असलेले आपले कित्येक माजी विद्यार्थी त्या वेळीं घरीं येतात. त्यांच्यापैकीं ज्यास चांगल्या जाळ्याची सोय असेल त्यानें ती चकतीवर घेऊन यावी, आणि खूणअंक निराळ्या कागदावर लिहून आणावा.